बर्फ ढकलायचं पातं

पातं तुटलं तेव्हा मी मुगाची खिचडी टाकत होते. देवळातली घंटा कुणी दगडावर आपटावी तसा आवाज बाहेरून आला, आणि पाठोपाठ ट्रॅक्टरची घरघर थांबली. त्या डोंगरावर घरघर थांबली की मागे काहीच उरायचं नाही. कावळासुद्धा ओरडायचा नाही. मी शेगडी बंद केली आणि खिडकीशी गेले.

घरापासून खालच्या सडकेपर्यंत आमची वाट उतरत जायची. तिच्या तळाशी हेमांगी, माझी सून, ट्रॅक्टरवरून उतरून कमरेवर हात ठेवून उभी होती. ट्रॅक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे उसाची ट्रॉली ओढणारं धूड येतं. हा तसा नव्हता. स्कूटरला चार चाकं फुटावीत एवढाच त्याचा जीव. उन्हाळ्यात त्याने अंगणातलं गवत कापायचं आणि हिवाळ्यात पुढे लोखंडी पातं लावून वाटेवरचा बर्फ ढकलायचा. ते पातं आता त्याच्यापुढे तोंडघशी पडलं होतं.

अंगावर श्रीरंगचा जुना कोट घातला, पायांत त्याचेच बूट घातले आणि धरत धरत खाली गेले.

"काय झालं गं?"

"बोल्ट तुटला, आई." तिने बुटाच्या टोकाने पात्याला ढोसलं. "पातं ज्याच्यावर फिरतं ना, तो मधला बोल्ट. आणि ही एक स्प्रिंग पण निसटली."

"कशाने?"

तिने समोर बोट दाखवलं. सडक साफ करणारी नगरपालिकेची मोठी गाडी येऊन गेली होती. तिने सडकेवरचा सगळा बर्फ आमच्या वाटेच्या तोंडाशी लोटून ठेवला होता. माझ्या छातीइतका उंच, आणि रात्रीच्या थंडीने गोठून नुसता काळवत्री दगड.

"काल हा मऊ होता," हेमांगी म्हणाली. "काल काढला असता तर लोण्यासारखा निघाला असता."

बोलण्यासारखं तोंड माझ्याकडे नव्हतं.

आदल्या दिवशी कर होती. संक्रांतीची कर, किंक्रांत. सकाळी हेमांगीने ट्रॅक्टरची किल्ली हातात घेतली आणि म्हणाली, "आई, मी जरा बर्फ काढून घेते. साचला की जड होईल." तिने तो ट्रॅक्टर त्याआधी कधी चालवला नव्हता. श्रीरंग चालवायचा. मी पोळी लाटता लाटता म्हणाले, "आज कर आहे. नव्या कामाला आज हात लावू नये. उद्या काढ." ती क्षणभर थांबली, हसली आणि किल्ली खुंटीला लावून टाकली. कऱ्हाडला आम्ही करीच्या दिवशी प्रवासाला निघत नसू, नवं कापड फाडत नसू. कऱ्हाडला त्याने कुणाचं काही अडत नसे.

"तुमची कर बर्फाला कुणी कळवली नाही, आई," ती म्हणाली. रागाने नव्हे. पण हसूनही नव्हे.

माझं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोस्टनहून होतं.

अमेरिकेतल्या व्हरमाँट नावाच्या त्या मुलखात मी आदल्या श्रावणात गेले होते. श्रीरंगचे वडील गेले आणि वर्षश्राद्ध झाल्यावर तो मला घेऊन गेला. "चार दिवस हवापालट," म्हणाला. मुलगा गुणी. विद्यापीठात गणित शिकवायचा. घर डोंगरावर, कॅलेंडरवरच्या चित्रासारखं. मला झोपाळ्याची सवय म्हणून त्याने खास इकडून लोखंडी चौकटीचा, सागवानी पाटाचा झोपाळा मागवला आणि दिवाणखान्यात मोठ्या खिडकीपाशी उभा केला. येईल त्याला तो दाखवायचा. "आईसाठी."

त्या झोपाळ्यावर बसून मी शरद ऋतू पाहिला, मग पानगळ पाहिली, मग बर्फ. टपालाच्या पेटीच्या पलीकडे माझं पाऊल पडलं ते श्रीरंगने गाडीतून नेलं तेव्हाच. चालत जाते म्हटलं तर तो म्हणायचा, "राहू दे आई, मी आलो की जाऊ." भाजी मी चिरते म्हटलं तर, "राहू दे." खिळा ठोकते म्हटलं तर, "राहू दे, मी आलो की करतो." आवाज इतका मायेचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, काय नशीब काढलंय म्हातारीने.

मार्गशीर्षापासून त्याचं सुरू झालं होतं. आई, आणखी थोडी राहा. आई, कागद करू, कायमचीच राहा. मी तिकीट दाखवायचे आणि तो हसायचा. माझ्या सासूबाईंना असंच देवरुखहून कऱ्हाडला चार दिवसांसाठी आणलं होतं. त्यांचं ट्रंकेतलं शेवटचं लुगडं आमच्याच घरी विरलं. हे विमान चुकलं तर पुढचं कधीच येणार नाही, एवढं मला कळत होतं.

पातं आम्ही जाड पुठ्ठ्यावर घेतलं आणि ट्रॅक्टरला बांधून ओढत वर गराजमध्ये आणलं. तिथेही नाकातून वाफ निघत होती. हुश्श करून बसतो तेवढ्यात घरातला फोन वाजला. मी आत पळाले.

"आई, मी शिकागोतच अडकलोय. इथलं एकही विमान उडत नाहीये." सभेला म्हणून तो चार दिवसांपूर्वी गेला होता. मला बोस्टनला तोच सोडणार होता. "पण बरंच झालं बघ. तिकीट पुढे ढकलतो. ओळखीचा एजंट आहे."

"कधीवर?"

"बघू ना. मार्च. एप्रिल. बर्फ तरी वितळू दे. मी म्हणतो जायचंच कशाला? तिकडे आहे कोण तुझं?"

"शकू आहे की."

"शकूमावशीला फोन करून देतो. बरं, वाट कुणी साफ केली का?"

"हेमांगी करत होती. पातं तुटलं."

पलीकडे त्याचा आवाज आणखी मऊ झाला. "तिला कशाला करू दिलंस, आई? ती बोटंबिटं चिरडून घेईल. तिला म्हणावं, राहू दे. मी आलो की बघतो. आज जेवायला काय केलंय?"

"खिचडी."

"तिने केली की तू?"

"मी."

"आणि ती काय करत होती?"

मी म्हटलं, "बर्फ काढत होती," आणि फोन ठेवला. हेमांगी दारात उभी होती. तिने विचारलं नाही, पण सगळं ऐकलं होतं.

"टॅक्सी नाही का मिळणार?" मी विचारलं.

"इथे टॅक्सी म्हणजे श्रीरंग. जुनी गाडी आहे, मी नेईन तुम्हाला, पण वाट तरी मोकळी हवी."

"बर्फ काढणारे पैसे घेऊन येतात म्हणे."

"त्यांना मघाशीच फोन केला. परवा येतो म्हणाले. परवाच्या आधी सगळा गाव आहे त्यांच्याकडे." ती झोपाळ्याकडे बघत होती. मग जवळ गेली, खाली वाकली आणि चौकटीच्या सांध्यावरून बोट फिरवलं. "आई, तुमच्या झोपाळ्याचा बोल्ट तेवढाच जाड आहे."

आम्ही दोघी झोपाळ्याकडे बघत राहिलो. ती माझ्या तोंडाकडे बघेना.

"पाट आधी काढून घे," मी म्हटलं. "नाहीतर पायावर पडेल."

श्रीरंगचे सगळे पाने गराजमध्ये भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले होते. प्रत्येकाच्या मागे भिंतीवर त्याच्या आकाराची बाह्यरेषा काढलेली, म्हणजे एखादा हलला तर लगेच कळावं. हेमांगीने त्यातले दोन उचलले आणि मला उगाच वाटलं की त्या रिकाम्या आकृत्या आपल्याकडे बघताहेत.

"तुला येतं का हे?" मी विचारलं.

"कॉलेजात असताना लूना होती माझ्याकडे. इचलकरंजीच्या रस्त्यावर रोज काहीतरी तुटायचं तिचं. आप्पा म्हणायचे, गाडी पाहिजे तर ढकलायला आणि उघडायला शीक. फिजिक्सच्या लॅबमधे पण मीच सगळं उघडून बसायचे." ती पाना बोल्टला लावत म्हणाली, "इथे आल्यापासून डब्याचं झाकण सोडून काही उघडलं नव्हतं."

मला हसू आलं. मग ते कुठेतरी अडकलं.

झोपाळ्याचा बोल्ट निघाला. पाट खाली आणि चौकट लंगडी उभी. आता तुटक्या बोल्टचा उरलेला तुकडा काढायचा होता. तो ट्रॅक्टरखालच्या लोखंडी भोकात गंजून जाम बसला होता. हेमांगीने त्यावर हातोडी मारली, तर हातोडीचा दांडाच खिळखिळा झाला.

"तेल सोड त्याच्यावर," मी म्हटलं.

"तेल कुठलं? त्यांचं ते इंजिनाचं तेल संपलंय."

मी खोबरेलाची बाटली घेऊन आले. उलटी केली तर थेंब पडेना. गोठून मेणबत्ती झालेली. हेमांगी खाली जमिनीवर बसून हसायला लागली. तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. दात दिसेपर्यंत, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मीही हसले. मग शेंगदाण्याचं तेल आणलं. वर किटलीभर उकळतं पाणी, परत तेल, परत पाणी. छिन्नीला ठोकायला मी माझ्या खलबत्त्यातला बत्ता दिला. कऱ्हाडहून नेलेला, लोखंडी. कस्टमवाल्यांनी तो हातात घेऊन तोलून पाहिला होता आणि मला वेड्यात काढलं होतं.

"हळू मार. वेलदोडा फोडतेयस असं समज."

"वेलदोडा काय, आई, हा तर तुमचा दिवाळीतला लाडू आहे."

"माझ्या लाडवांना नावं ठेवायची तर बत्ता दे इकडे."

तिने दिला नाही. आणखी तीन-चार ठोके घातले आणि तो तुकडा खाली सिमेंटवर पडून टणटणत कोपऱ्यात गेला. आम्ही दोघी त्याच्याकडे असं बघत राहिलो, जणू काही साप बिळातून निघाला.

स्प्रिंग बसवायला मात्र आमची ताकद पुरेना. अंगठ्याएवढ्या जाड तारेची ती स्प्रिंग, ताणून आकड्यात अडकवायची. हेमांगीने पकडीने ओढून पाहिलं, सटकली आणि तिची बोटं खरचटली. रक्त आलं. मी तिचा हात धरला. ती म्हणाली, "त्यांना सांगू नका हं, आई." अगदी सहज म्हणाली, मीठ जास्त झालं सांगू नका म्हणावं तसं. मी हळद आणून लावली.

माझ्या पेटीत एक जुनं सुती पातळ होतं, गोधडीसाठी ठेवलेलं. ते पिळून दोरखंड केला, स्प्रिंगच्या टोकातून ओवला आणि दोघींनी दोन टोकं धरून, ट्रॅक्टरच्या चाकाला पाय लावून मागे रेटलं. पातळ करकरलं. स्प्रिंग लांबली. हेमांगीने एका हाताने ताण धरून दुसऱ्याने तिचं टोक आकड्यावर बसवलं. मी धपकन मागे बसले.

"लागलं का?"

"लागलं तरी इथे कोण बघतंय," मी म्हटलं.

बाहेर अंधारायला लागलं होतं. तिथे हिवाळ्यात दुपारच्या चहाबरोबरच दिवस मिटतो. हेमांगीने गराजचा दिवा लावला. दारातून वाट दिसत होती, खाली पांढरी, तोंडाशी तो ढीग. त्याच्यापलीकडून एखादी गाडी जायची आणि तिचा उजेड क्षणभर बर्फावर फिरायचा. मी सहा महिने असे उजेड मोजले होते. घरातून निघून कुठेतरी जाणारी माणसं.

पातं उचलून चौकटीत बसवलं. झोपाळ्याचा बोल्ट लांब होता. खाली वॉशरची चळत घालून त्याची उंची जुळवावी लागली. एक कमी पडली, तिथे हेमांगीने डब्याच्या पत्र्याची चकती कापून भोक पाडलं. मग बोल्ट वरून घातला. त्याचं डोकं वर, नट खाली ट्रॅक्टरच्या पोटात.

"आता हे दोघींनीच करायचं," ती म्हणाली. "एकटीने वर फिरवला तर बोल्ट नटासकट गरगरा फिरतो. एकीने खाली नट धरायचा, दुसरीने वरून आवळायचं. हात इकडून तिकडे पोचत नाही. मी खाली जाते."

"म्हणूनच श्रीरंग बोल्ट लावताना तुला हाक मारायचा वाटतं."

"तेवढ्यापुरती," ती म्हणाली, "नट धरायला."

ती पुठ्ठ्यावर उताणी झोपली आणि सरकत ट्रॅक्टरखाली गेली. बाहेर फक्त तिचे बूट दिसत होते. मी स्टूल ओढून बसले आणि पाना लावला. सुरुवातीला तो सहज फिरला. मग जड व्हायला लागला. मी दोन्ही हातांनी रेटत होते. चौकट हळूहळू घट्ट बसत होती, कुरकुर थांबत चालली होती.

"थांबा, आई."

मी थांबले. "सटकला का?"

"नाही. धरलाय मी." खालून तिचा आवाज लोखंडाला आपटून येत होता. "पूर्ण आवळायच्या आधी तुम्हाला एक सांगायचंय. नंतर सांगितलं तर ते बरोबर होणार नाही."

"सांग की."

"उद्या तुम्हाला बोस्टनला सोडल्यावर मी इकडे परत येणार नाहीये."

मला आधी वाटलं, हवा खराब आहे म्हणून रात्री मुक्काम करीन म्हणतेय. "मग राहशील कुठे?"

"न्यू जर्सीत शर्वरी आहे, माझ्या कॉलेजची. तिच्याकडे जाईन. मग बघेन. कायमची, आई."

बाहेरून एक गाडी गेली. उजेड दारावरून फिरून गेला.

"मारतो का तुला?" मी विचारलं. स्वतःच्या मुलाबद्दल हे विचारताना माझी जीभ कशी उचलली, ते आजही सांगता येणार नाही.

"कधीच नाही. ओरडतसुद्धा नाहीत. तुम्ही पाहिलंय ना. सांगायला गेलं तर माझ्याकडे काहीच नाही. लोक विचारतील, मग झालं काय? मी काय सांगणार, मला बर्फ काढू देत नाहीत? तीन वर्षं झाली. लायसन्स काढलं, तर म्हणाले, कशाला, मी आहे ना. शाळेत लॅबमधे नोकरी मिळत होती, तर म्हणाले, राहू दे. माझ्या आईला बरं नव्हतं तेव्हा मी इचलकरंजीला जाणार होते. तिकीट पुढे ढकललं. मग आणखी पुढे. मग आई गेलीच."

हे मला माहीत नव्हतं. श्रीरंगने मला तेव्हा कळवलं होतं की हेमांगीलाच इतक्या लांबचा प्रवास झेपत नाही.

"बॅग भरलीस?"

"संक्रांतीच्या दिवशीच. काल वाट साफ करून ठेवणार होते." खाली ती जरा हसल्यासारखी झाली. "काल कर निघाली."

मी बोल्टाच्या डोक्याकडे बघत होते. माझ्या झोपाळ्याचा बोल्ट, पिवळसर मुलाम्याचा. पाना त्याच्यावर बसलेला, दांडा माझ्या मुठीत. अजून एक-दीड वेढा बाकी होता. मी हात काढून घेतला असता, कंबर धरली म्हटलं असतं, तर ती खालून काही करू शकली नसती. वाट बंद राहिली असती. श्रीरंग आला असता आणि त्याने सगळं नीट केलं असतं. मीही राहिले असते, तीही राहिली असती. माझा एकुलता एक मुलगा त्या डोंगरावर एकटा पडला नसता. त्याला लहानपणी अंधाराची भीती वाटायची. मी अंथरुणाशी बसून राहायचे, तो झोपेपर्यंत माझं बोट सोडायचा नाही. झोपल्यावरही हळूच काढून घ्यावं लागायचं.

"आई?"

"नट धरलास का?"

"धरलाय."

"घट्ट धर."

मी उभी राहिले, स्टूल पायाने मागे सारलं आणि सगळा भार पान्यावर टाकला. तो हलला. मी परत पाना लावला, परत भार टाकला. मग तो हलेनासा झाला.

हेमांगी खालून सरकत बाहेर आली. केसांना तेल, गालाला काळं. आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. तिने पाने पुसले आणि भिंतीवर त्यांच्या जागी टांगले.

सकाळी ती ट्रॅक्टर घेऊन खाली गेली. या वेळी ढिगावर सरळ गेली नाही. आधी फावड्याने आणि पहारीने कडा फोडल्या. मी मीठ टाकत होते, स्वयंपाकाचं, दोन डबे. गरम पाणी ओतू का विचारलं, तर म्हणाली, "ओतलंत तर त्याची काच होईल आणि दोघी आपटू." मग पात्याने थोडा थोडा तुकडा तोडून बाजूला लोटत राहिली. पातं दर वेळी थडथडायचं आणि आम्ही दोघी श्वास धरायचो. झोपाळ्याच्या बोल्टने दगा दिला नाही. ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं तेव्हा गाडी जाईल एवढी फट पडली होती.

माझ्या दोन बॅगा डिकीत ठेवल्या. तिची एक, लहान. दार ओढता ओढता आत फोन वाजायला लागला. हेमांगीचा हात कुलपावर थबकला. वाजणं थांबलं, परत सुरू झालं.

"मी घेते," मी म्हटलं.

"काय म्हणणार?"

"निघालो म्हणणार."

मी आत गेले. लंगड्या चौकटीपाशी पाट जमिनीवर पडलेला होता. फोन उचलला.

"आई, कुणी फोन का घेत नाही? मी एजंटशी बोललोय. एप्रिलची तारीख मिळते आहे."

"तिकीट बदलू नकोस, श्रीरंग. मी निघाले. वाट मोकळी झाली."

"कुणी केली?"

"आम्ही केली."

"आई, ती जुनी गाडी बर्फात चालवायची नाही. हेमांगीला दे फोन. दे तिला."

खिडकीतून मला गाडी दिसत होती. हेमांगी स्टिअरिंगमागे बसली होती, दोन्ही हात त्यावर, समोर बघत.

"ती गाडीत बसली आहे," मी म्हटलं. "जेवणाचा डबा फ्रिजमध्ये ठेवलाय. आलास की गरम करून घे."

सडकेला लागल्यावर बराच वेळ ती गोगलगायीसारखी चालवत होती. मग आपोआप वेग आला. वाटेत आम्ही पेट्रोलपंपावर थांबलो, तर तिने मला कागदी पेल्यातून कॉफी आणून दिली. पाणचट होती. विमानतळावर तिने मला मिठी मारली नाही, वाकून नमस्कार केला, बूट, कोट, सगळ्यासकट, भर गर्दीत. मी तिच्या हाताला लावलेली हळद पाहिली, नखांत अजून होती. "पोचलीस की कळव," म्हटलं. तिने कळवलं. दर संक्रांतीला अजूनही कळवते.

श्रीरंग त्या उन्हाळ्यात कऱ्हाडला आला. एकटाच. वाळला होता. दोन दिवस कृष्णेच्या घाटावर जाऊन बसायचा, घरी येऊन गप्प जेवायचा. शकू येऊन त्याला काय काय विचारून गेली. तिसऱ्या दिवशी मी आमरस काढत होते, तो स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसला.

"आई, तुला माहीत होतं?"

"काय?"

"ती जाणार आहे ते."

मी कोय पिळत राहिले. "होतं."

"कधीपासून?"

"पातं बसवत होतो तेव्हापासून."

तो विचार करत होता. गणिताचा माणूस, एकेक पायरी मांडत होता. मी त्याला घाई केली नाही. बाहेर पाणी भरणाऱ्या बायकांची भांडणं चालली होती.

"तो मधला बोल्ट," तो शेवटी म्हणाला. "तो एकट्याला आवळता येत नाही."

"नाही येत."

"मग वरचा पाना कुणी धरला होता?"

मी हात धुतले, पदराला पुसले. त्याच्यापुढे आमरसाची वाटी ठेवली आणि त्याच्या तोंडाकडे बघून सांगितलं, "मी."

त्याने वाटीला हात लावला नाही. मी चमचा द्यायला उठले, तर म्हणाला, "राहू दे, आई," आणि तिथेच थांबला. तो शब्द तोंडातून गेल्यावर त्याने तो जणू पहिल्यांदा ऐकला. मग उठला आणि चमचा शोधायला लागला. या फळीवर, त्या फळीवर, ताटांच्या मागे. त्याला माझ्या स्वयंपाकघरातलं काहीच सापडत नव्हतं. मी जागेवर बसून राहिले आणि त्याला शोधू दिलं.